भिशीचे साठ हजार आणि दोन प्रोजेक्टर

शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला असलेले, फुलेवाडीत राहणारे एक वाचक लिहितात: "सर, ह्या महिन्यात माझी भिशी लागली. साठ हजार हातात आलेत. मोठ्या पडद्यावर पिक्चर आणि फुटबॉल बघायचं पोरांचं लई दिवसांचं मागणं आहे. दोन प्रोजेक्टर काढून ठेवलेत. एक एलईडीचा १७,५०० चा, दुसरा लॅम्पचा ५८,००० चा. दुसरा नो कॉस्ट ईएमआयवर पण मिळतोय. मित्र म्हणतात, घ्यायचा तर एकदाच चांगला घे. काय करू?" सोबत त्यांनी हिशेब दिला आहे. हातात पगार ४६,०००, घराचा हप्ता १३,५००, घरखर्च २४,०००, पतसंस्थेत ६०,००० ची ठेव. भिशी बारा जणांची, चिठ्ठीची, महिना ५,००० आणि हा चौथा महिना. घरी ३२ इंची टीव्ही आणि त्याला लावलेली, नेटफ्लिक्ससारखी ॲप चालवणारी स्टिक आहे. वापर आठवड्यातून चार दिवस, तीनेक तास, बहुतेक रात्री जेवणानंतर.

नमस्कार. उत्तर आधी सांगतो: १७,५०० चा घ्या, रोखीने घ्या, पण खाली सांगितलेल्या गोष्टी दुकानात तपासूनच. ही हौस वायफळ आहे असं मला अजिबात वाटत नाही. ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवून चित्रपट काढले, तिथे घरात पडदा हवासा वाटणं मला समजतं. माझा आक्षेप प्रोजेक्टरला नाही, साठ हजार तुमचे धरण्याला आहे.

हा महिना धरून तुम्ही भिशीत चार हप्ते भरलेत, म्हणजे २०,०००. उरलेले ४०,००० तुमच्या सोबत्यांचे आहेत आणि ते तुम्हाला पुढचे आठ महिने फेडायचे आहेत. व्याज नाही, पण देणं ते देणंच. तेव्हा आज मोकळेपणाने खर्च करता येतील असे तुमचे पैसे वीस हजार आहेत. पहिला प्रोजेक्टर त्यात बसतो आणि भिंतीचा ब्रॅकेट, लांब केबल यांना अडीच हजार उरतात. दुसरा घेतलात तर ३८,००० सोबत्यांच्या पैशातले जातील.

आता महिन्याकडे बघू. पगारातून घराचा हप्ता आणि घरखर्च गेला की ८,५०० उरतात. त्यातले ५,००० भिशीला. राहिले ३,५००. ५८,००० चा बारा महिन्यांचा हप्ता होतो ४,८३३. तो ह्या साडेतीन हजारांत बसतच नाही, म्हणजे दर महिन्याला भिशीच्या आलेल्या रकमेतूनच भर घालावी लागेल.

नो कॉस्ट ईएमआयबद्दलही स्पष्ट सांगायला हवं, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं असं की विक्रेता व्याजाइतकी सूट देतो आणि बँक व्याज लावतेच. वार्षिक १५ टक्के दर धरला तर तुमच्या ४,८३३ च्या हप्त्यांत साधारण ४,४५० रुपये व्याज असतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ८०० रुपये, आणि तो तुमच्या कार्डावर पडतो. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा. शिवाय रोखीने घासाघीस करून जी सूट मिळाली असती ती हातची जाते. हजार-दोन हजारांचा प्रश्न आहे, फार मोठा नाही. पण "नो कॉस्ट" समजून सही करू नका.

मित्रांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. तासाचा हिशेब मांडला तर त्यात तथ्य दिसतं. तुमचा वापर वर्षाला सहाशे तासांच्या आसपास होईल. स्वस्तातल्या एलईडी प्रोजेक्टरचं आतलं पॅनल बिघडलं तर दुरुस्ती बहुधा परवडत नाही, म्हणून त्याला मी तीनच वर्षं देतो: तासाला सुमारे १० रुपये. लॅम्पवाला नीट सांभाळला तर सात वर्षं सहज चालावा. लॅम्प बदलायची लोकांना उगाच धास्ती असते. चार हजार तासांचा लॅम्प तुमच्या वापराला साडेसहा वर्षं पुरेल. एका नव्या लॅम्पचे आठ हजार धरले तरी तासाला १६ रुपयांच्या आत बसतं. वीज तासाला दोनेक रुपये जास्त. त्यामुळे दुसरं यंत्र महागडं आहे असं मी म्हणत नाही. ते आज तुमच्या खिशाबाहेर आहे, एवढंच.

उजेडाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण फसगत तिथेच होते. पहिल्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ९,००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलंय आणि माहितीपत्रकात बारीक अक्षरात ३०० अन्सी ल्युमेन, असं तुम्ही कळवलंत. खरा आकडा बारीक अक्षरातला. अन्सी म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड; वरचा आकडा कसा काढला ते कुणी सांगत नाही. दुसऱ्याचे ३,००० मात्र मोजलेले आहेत. म्हणजे दोघांत दहापट फरक.

एवढा फरक असूनही मी पहिला घ्या का म्हणतो? ८० इंची चित्र म्हणजे भिंतीवर पावणेसहा फूट रुंद, क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर. ३०० ल्युमेन तेवढ्यावर पसरले की चौरस मीटरला सुमारे १७० पडतात. खोली अंधारी असेल तर पांढऱ्या पडद्यावर ही चमक जवळपास थिएटरच्या प्रमाणाइतकी भरते. साध्या भिंतीवर थोडी कमी, पण रात्रीच्या पिक्चरला पुरेशी. तेच चित्र १०० इंचांवर नेलंत की आकडा ११० वर येतो आणि फिकं वाटायला लागतं. ट्यूबलाइट लावली तर भिंतीवर तिचाच उजेड शंभराच्या घरात असतो; मग पिक्चरमधला काळा कोट करडा दिसतो आणि रात्रीचे प्रसंग कळत नाहीत. म्हणून ८० इंचांवर थांबा आणि दिवे बंद ठेवा. भिंतीला पांढरा मॅट रंग द्या, चकचकीत नको. पडद्याचे पैसे आत्ता घालू नका.

फुटबॉलचं म्हणाल तर तुमच्या सोयीचं आहे. २०२६ चा वर्ल्ड कप अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत असल्यामुळे आपल्याकडे सामने रात्री उशिरापासून सकाळपर्यंत दिसणार; १९ जुलैची फायनल तर आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. उजाडल्यावरचे सामने मात्र टीव्हीवरच बघावे लागतील. तो ३२ इंची टीव्ही विकू नका. तुमच्या आईंना दुपारी मालिका बघायच्या असतात म्हणता, त्यांना अंधार करून बसवणं बरं नाही.

दुकानात गेल्यावर "फोर के सपोर्ट" ऐकून भुलू नका. फोर के चा सिग्नल घेता येतो एवढाच त्याचा अर्थ. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे यंत्राच्या पॅनलवर खरे किती ठिपके आहेत, ते विचारा आणि १९२० बाय १०८० असेल तरच पुढे बोला. १२८० बाय ७२० निघालं तर तेवढे पैसे घालू नका. आतली भिंगं आणि पॅनल सीलबंद आहेत का हेही विचारा. फौंड्री पट्ट्यातून रोज कपड्यांवर येणारी बारीक धूळ आणि आपला पाऊस ह्या दोन्हींसाठी ते गरजेचं आहे. उघडं असलं की धूळ आत बसते आणि पडद्यावर करडे ठिपके दिसतात. जून ते सप्टेंबर यंत्र वापरात नसताना सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवा, नाहीतर भिंगाला बुरशी धरते. काही स्वस्त यंत्रांत नेटफ्लिक्स नीट चालत नाही, पण तुमच्याकडे स्टिक आहेच, ती लावा. आवाज आतल्या स्पीकरचा बारीक येतो. घरात जुना साउंडबार किंवा टेपचे स्पीकर असतील तर जोडा.

किमतीत एक गोष्ट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या छापील किमतीचा माल पडून असेल तर बिलात १८ टक्केच लावून घ्या.

१७,५०० गेल्यावर भिशीतले ४२,५०० उरतील. ते खर्चाला काढू नका. पतसंस्थेतल्या साठ हजारांसह १,०२,५०० होतात. भिशीचा हप्ता धरून तुमचा महिना ४२,५०० चा आहे, म्हणजे पगार थांबला तर जवळजवळ अडीच महिने निभावेल. ५८,००० चा घेतला असता तर हाच आकडा दीड महिन्यावर आला असता, आणि घराचा हप्ता डोक्यावर असताना ते मला पटत नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो: बँकेतल्या ठेवींना पाच लाखांपर्यंत जो विमा असतो तो पतसंस्थेतल्या ठेवींना लागू नाही. अडीनडीचे पैसे तिथे ठेवू नका. ठेवीची मुदत संपली की ते बँकेत न्या. भिशीचे ४२,५०० आजच बँकेच्या खात्यात टाका.

आठ महिन्यांनी भिशी फिटली की महिना ५,००० मोकळे होतात. तेव्हा वर्षभराची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची बँकेतली ठेव, लावा. साठ हजार आणि वर थोडं व्याज जमेल, आणि ते सगळे तुमचे असतील. पोरांची हौस टिकली असेल, दिवे लावून बघायची गरज वाटत असेल, तर त्यातून लॅम्पवाला घ्या, मित्रांना विचारूनच घ्या. तोवर पहिल्याची वॉरंटी सांभाळा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे की यंत्र पुण्याला पाठवावं लागतं, हे पैसे देण्याआधी विचारा. पुण्याला पाठवावं लागत असेल तर जाण्या-येण्याचा खर्च कोण देणार, तेही बिलावर लिहून घ्या.