बाबांना 'रैवानी' म्हणणाऱ्या मुलाला

अरे बाळा,

तुझा मेसेज वाचून आधी राग आला, मग काळजी वाटली, आणि आता परत राग आलाय म्हणून लिहायला बसलेय, तेव्हा वाक्यं वाकडीतिकडी झाली तर चालवून घे. तू म्हणतोस जावातलं स्कॉलरशिपचं वर्ष संपत आलंय, परत येऊन त्याच कंपनीत बसायची इच्छा नाही, बाबा फोनवर पैशाशिवाय दुसरं काही बोलत नाहीत, आणि पाक सुबुह या जावानीज गुरूंचं 'सुसिला बुधी धर्म' हे पुस्तक वाचल्यापासून तुला कळलंय की बाबा म्हणजे पूर्ण रैवानी, वस्तूंच्या पातळीवरचा माणूस, म्हणून हल्ली तू फोनच उचलत नाहीस. वर रूममेट हेवानी, म्हणजे जनावराच्या पातळीवरचा, कारण तो रोज रात्री तळलेली लेले, ती मिशाळ मासळी, खातो आणि मोठ्याने हसतो. आणि तू स्वतः म्हणे नबातीच्या, झाडापाल्याच्या पातळीच्या, वर सरकायचा प्रयत्न करतोयस, त्यासाठी मासे सोडलेस, आठवडाभर नुसता पांढरा भात आणि पाणी.

मावशी म्हणतोस ना मला, मग ऐक. पत्रभर एकच गोष्ट सांगणार आहे, कंटाळा आला तरी: ती नावं माणसांना चिकटवायची नाहीत. बापाला नाही, रूममेटला नाही, स्वतःला तर मुळीच नाही.

तू पुस्तक वाचलंस हे मला आवडलं. गामेलान, तिथलं वाद्यवृंदाचं संगीत, शिकायला गेलेली आपल्याकडची पोरं बहुतेक बोरोबुदुरचे फोटो घेऊन येतात, तू निदान या वाटेला गेलास. पण वाचलंस कसं? इंग्रजी भाषांतर, गद्य, एका बैठकीत, मोबाईलवर, सेवोनच्या खोलीत पंख्याखाली पडून. पाक सुबुहनी ते 1952 साली लिहिलं, तू राहतोस त्याच जोगजात, म्हणजे योग्यकर्तात, मोठ्या माणसांशी बोलायच्या अदबीच्या जावानीजमध्ये आणि इंडोनेशियनमध्येसुद्धा, आणि जावानीज तर तेंबांगच्या छंदात, म्हणजे गायच्या चालीत. लातिहान, म्हणजे त्यांच्या सुबुद मंडळींची साधना, करणाऱ्यांच्या हातात द्यायचं म्हणून लिहिलं. आधी अनुभव, मग 'हे जे तुला होतंय ते असं असू शकेल' म्हणून पुस्तक. तू लातिहानला एकदाही गेलेला नाहीस. तिथे आधी साधारण तीन महिने थांबायला सांगतात, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, अर्धा तास, कोणी शिकवत नाही, कोणाची नक्कल करायची नाही, आतून जे हलेल ते हलू द्यायचं, बास. तुला थांबायचं नाहीये, तुला यादी हवी होती आणि ती पुस्तकात मिळाली.

बरं, यादी तरी नीट वाच. रैवानी म्हणजे वस्तूंची शक्ती, नबाती झाडापाल्याची, हेवानी जनावराची, जस्मानी माणसाची, त्यावर रोहानी आणि आणखी वरच्या, ज्यांच्यापर्यंत डोक्याने पोचता येत नाही असं तो माणूस परत परत सांगतो. ह्या पायऱ्या आहेत हे खरं. पण कोण कुठल्या पायरीवर उभा आहे हे बघायला ते लिहिलेलं नाही रे. खालच्या सगळ्या शक्ती प्रत्येकाच्या आत एकाच वेळी असतात, त्यांच्याशिवाय माणूस एक दिवस जगणार नाही. वस्तूशिवाय काम नाही, भाताशिवाय अंग नाही, जनावराच्या जोराशिवाय उठून उभं राहायची इच्छा नाही. प्रश्न एवढाच की कोण कोणाला चालवतंय. तू सेकंडहँड मोटरसायकल घेतलीस ना? पहिल्या आठवड्यात ती तुला फिरवत होती, आता रात्री दोनदा उठून खिडकीतून बघतोस कोणी ओरखडा काढला का, तूच मागे हसत हसत लिहिलं होतंस. ती रैवानी. बाबांना नाव द्यायची गरजच नाही, तुझ्या खिडकीखाली उभी आहे ती.

आणि खाण्याचं. मांस खाल्लं की माणूस जनावर होतो असं त्यात कुठे आहे? तिथला विचार जवळजवळ उलटा आहे, की भाजीत, धान्यात, मांसात जे आहे त्यालाही माणसातून पुढे जायचंय, आणि नीट माणूस म्हणून खाल्लंस तर त्याचंही भलं होतं. म्हणजे ताटाबद्दल तुझ्यावर जबाबदारी आहे. तू मात्र मुतिहचा, नुसत्या पांढऱ्या भात-पाण्याचा उपास धरून बसलायस, तोही कोणा व्हिडिओत बघून. पुआसा मुतिह जावामध्ये पिढ्यानपिढ्या करतात, मला त्याची चेष्टा करायची नाही, पण ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारून, काहीतरी मनात धरून करतात. तुझ्या इबू कोसला, घरमालकिणीला, विचारलंस? ती बिचारी रोज गुदेग, ती फणसाची भाजी, बाजूला काढून ठेवत असेल आणि तू नाही म्हणत असशील. शहाणाच आहेस.

सेमारांगला आमच्या शेजारच्या घरात बाळ झालं तेव्हाची गोष्ट सांगते, कारण पुस्तकापेक्षा मला ती आधी कळली. बाळाच्या बापाने वार स्वच्छ धुऊन, मडक्यात घालून, दाराशी पुरली आणि वर दिवा लावला, पस्तीस दिवस रोज संध्याकाळी. आपल्याकडेही वार पुरायचेच, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही, पण मी विचारलं दिवा कशाला, तर आजी म्हणाली, हे बाळाचं भावंड आहे, अंधारात कसं ठेवायचं. जावानीज माणूस म्हणतो आपण एकटे जन्मत नाही, गर्भजल, वार, रक्त, नाळ ही चार भावंडं बरोबर येतात आणि पाचवा मध्यभागी आपण. सदुलुर पापात लिमो पान्चेर. ह्या चौघांना मग पुढे चार वासनांशीही जोडतात, खादाडपणाची आलुआमाह, रागाची आमाराह, हौसेची सुपियाह आणि चौथी शांत, मुत्माइनाह. बघ, वासनांनासुद्धा भावंडं म्हणतात ही माणसं. सुबुहचं पुस्तक ह्याच मातीतून आलंय, शब्द अरबी वळणाचे असले तरी. भावंडाशी भांडतो आपण, त्याला ताळ्यावर आणतो, पण त्याला घराबाहेर काढून वर त्याच्या नावाने दुसऱ्या कोणाला शिव्या देत नाही. तू तेच करतोयस. तुझ्या आतली पैशाची भीती उचलून बाबांच्या कपाळावर लावलीस.

चिडू नकोस. भीती आहेच तुला, मला तुझ्या स्पेलिंगच्या चुकांवरूनही कळते.

तुम्ही सगळे गेल्या महिन्यात रात्रभर देवा रुचीचं वायांग, तो सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, बघायला गेला होतात, तू पहाटे फोटो टाकलेस. शेवटपर्यंत जागा होतास का? भीम दुर्नाच्या, म्हणजे आपल्या द्रोणाच्या, सांगण्यावरून अमृताचं पाणी शोधत समुद्रात उतरतो, तिथे त्याला त्याच्याचसारखा दिसणारा इवलासा देव भेटतो, आणि एवढा मोठा भीम त्याच्या डाव्या कानातून आत शिरतो. आत काळा, लाल, पिवळा, पांढरा असे रंग दिसतात, वासनांचेच ते. आपल्या महाभारतात हे नाही, जावाने घातलंय, आणि मला विचारशील तर जावाने भीमाला आपल्यापेक्षा जास्त मान दिलाय. तर आत सगळं बघून भीमाला बाहेर यायचंच नसतं. आणि देव त्याला सांगतो की असं राहता येणार नाही, जा, तुझी कामं आहेत, भाऊ आहेत, लढाई आहे. तू सकाळच्या झोपेत नेमका हाच भाग घालवला असणार. आणि ते रंग भीमाला स्वतःच्या आत दिसले हे लक्षात घे, समुद्रकिनारी उभ्या राहिलेल्या माणसांवर नाही.

माझं सांगते आता, तुला सांगायचं नव्हतं पण आलंय तोंडात. मी आयुष्यभर हिशेब लिहिले. आधी इथे, मग यांची बदली झाली तेव्हा सेमारांगला एका कापड गिरणीच्या ऑफिसात, मग परत इथे. तिकडे बायकांच्या लातिहानला जायला लागले तेव्हा एक परदेशी बाई, फार चांगली होती तशी, मला हळूच म्हणाली की तुझ्यात मटेरियल फोर्स फार आहे, आकड्यांमुळे असेल. आकड्यांमुळे! मी घरी येऊन भांडी घासताना किती बडबडले. ज्या माणसाचं पुस्तक तू वाचून मला हे सांगतेस तो केडुंगजातीला जन्मलेला माणूस सेमारांगमध्येच हिशेबनीस होता, 1925 साली चोविशीत रात्री फिरायला निघाला असताना त्याला एक लख्ख प्रकाश दिसला, आणि त्यानंतरही दिवसा नोकरी, बायको, पोरं, आणि रात्री तो आतला अनुभव. शेकडो रात्री. ह्या माणसाने डेबिट क्रेडिट लिहिता लिहिता हे सगळं सोसलं आणि तू मला आकड्यांचं सांगतेस? हे मी तिला बोलले नाही. इतकी वर्षं झाली, अजून बोलतेय, तुझ्याशी.

तर लागतं ते नाव, बरं का. फार खोल लागतं. मी ती गल्लीतली आरिसान सांभाळायचे, म्हणजे आपली भिशी, एका बाईचा नंबर आजारपणासाठी आधी काढायचा होता आणि कोणाला न दुखावता तो कसा काढायचा ह्यात माझी दोन रात्रींची झोप गेली, आणि मला वाटतं मी रैवानी म्हणजे काय ते तेव्हा शिकले, पैसा हातात असताना तो हाताला चिकटू न देणं. लोक म्हणतील नुसती भिशी. म्हणू देत. सुबुदच्या लोकांनीही पुढे धंदे काढले, सुबुहनीच सांगितलं होतं की आतलं जे आहे ते कामात, व्यवहारात दिसू दे, जकार्तात बँक काढली, इंग्लंडमध्ये विंडसरजवळ अनुग्रह नावाचं मोठं कॉन्फरन्स सेंटर, 1983 ला तिथे जागतिक संमेलन झालं, आणि नंतर तो धंदा टिकला नाही. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. पुस्तक पाठ असलं तरी खर्चाचं गणित वेगळं बसवावं लागतं, आणि ते बसवणारा कोणीतरी लागतो, ज्याला तुझ्यासारखे लोक मग वस्तूंच्या पातळीवरचा माणूस म्हणतात. तुझी जोगजाची विमानतिकिटं कोणी काढली होती? विचार फक्त.

एक हळहळ मात्र आहे आणि ती खरी आहे. शेजारची ती आजी संध्याकाळी माचापात, ती जावानीज छंदातली गाणी, गायची, सिनोम, किनांती, दांडांगुला अशा छंदांत, आणि ह्या पुस्तकातली कडवीही तिला येत होती. तिने मला कितीदा बोलावलं, ये बस, मी म्हणायचे महिनाअखेर होऊ दे. मग आमची परत बदली झाली आणि ती गेल्याचं कळलं. मी ते पुस्तक आजही गद्यातच वाचते. आणि ह्यावरून 'बघा, मावशी पण कामात अडकली' असं काढू नकोस, काम केलंच पाहिजे होतं, आमचं घर माझ्या पगारावरही चालत होतं, यांची नोकरी तेव्हा डळमळीत होती, मी दोन्ही कसं करणार होते? फक्त तुला आत्ता ते करता येतंय म्हणून सांगते. तुझ्या कॉलेजात तेंबांग शिकवणारे लोक आहेत, सिंडेन, म्हणजे गामेलानबरोबर गाणाऱ्या बाईचं गाणं, शिकणाऱ्या मुली आहेत. त्यांना सांग एक अध्याय गाऊन दाखवा. अर्थ विचारू नकोस पहिल्यांदा. यादी करायची सवय त्याने जरा मोडेल.

नोकरीचं. तुला वाटतंय मी म्हणणार परत ये. नाही म्हणत. एक वर्ष आणखी राहायचं असेल तर राहा, पण 'आतून बोलावणं आहे' असं मला सांगू नकोस, 'मला त्या ऑफिसची भीती वाटते आणि इथे मला बरं वाटतं' असं सांग, ते जास्त धड आहे. पैसे कुठून येणार ते कागदावर लिही. शिकवण्या घे, भाषांतरं कर, जे होईल ते. आणि बाबांना लिहितानाही तेच लिही, रोहानी वगैरे काही नको, ते घाबरतील उगाच. तुझ्या बाबांना मी कॉलेजपासून ओळखते, त्यांना पैशाबद्दल बोलायला येतं, प्रेमाबद्दल बोलायला येत नाही, त्यामुळे ते एकातूनच दुसरं बोलतात, आणि तू मात्र भाजी निवडल्यासारखी माणसं निवडायला लागलायस, हा रैवानी, तो हेवानी, हा टाकायचा. नावं चिकटवू नकोस रे. किती वेळा सांगू.

आज रात्री रूममेटबरोबर जाऊन लेले खा, सांबाल, ती तिखट चटणी, जपून, रिकाम्या पोटी आहेस. आणि रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे इथे आठ वाजलेले असतात आणि बाबांचा चहा झालेला असतो, त्यांना फोन कर. ते आधी विचारतील अकाउंटमध्ये किती शिल्लक आहे. खरा आकडा सांग.

तुझी,
मावशी