दहाव्या दिवशीचा फोन

प्रश्न : माझे मिस्टर दारूसाठी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल आहेत. स्वतः सही करून गेले. उपचार पस्तीस दिवसांचा. काल, दहाव्या दिवशी, फोनवर रडले. "मी बरा झालोय, इथं वेड्यांत ठेवलंय, घेऊन जा" म्हणाले. सासूबाईंनी जेवण टाकलंय. पाचवीतल्या मुलीला मी 'बाबा ट्रेनिंगला गेलेत' असं सांगितलंय. घरी आणू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, दहाव्या दिवशी मीही असाच रडलो होतो. शब्दसुद्धा जवळजवळ हेच. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. थोरल्या भावाला दया आली, त्याने बाराव्या दिवशी मला पुण्याहून उचललं. टेंभुर्णीला चहाला थांबलो. तो पैसे देईपर्यंत मी मागच्या बाजूला जाऊन क्वार्टर लावून आलो होतो.

दहावा दिवस फसवा असतो. पहिले तीन-चार दिवस हाल होतात. कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा अंगावर सांडायचा. शेजारच्या कॉटवरचा माणूस रात्रभर भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकत होता. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. म्हणून डॉक्टर गोळ्या देऊन त्या हळूहळू उतरवतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. ('मनात आणलं तर घरी बसून सुटते' म्हणणारे एक काका तुमच्याकडेही असतीलच. त्यांना चहा द्या, सल्ला घेऊ नका.) आठवड्याने भूक लागते, झोप येते, गाल भरतात. माणसाला वाटतं, झालं काम.

आणि नेमकी तेव्हाच गटात बोलायची पाळी येते. माझी अकराव्या दिवशी होती. मुलाच्या सायकलसाठी बायकोने डब्यात साठवलेले पैसे मी प्यालो, हे वीस जणांसमोर सांगायचं होतं. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिलो आणि दुसऱ्या दिवशी घरी आलो. दोन वर्षांनी पुन्हा दाखल झालो तेव्हा ते सांगितलं. समोर बसलेला वकील खाली बघत म्हणाला, "माझ्या बायकोचं मंगळसूत्र होतं." तुमचे मिस्टर ज्यांना वेडे म्हणतात, ते बहुतेक असलेच लोक.

म्हणून आणू नका. पण उद्याच जाऊन भेटून या, आणि एकांतात भेटा. करमत नाही, जेवण बेचव आहे, भांडी घासायला लावतात, ही रड ऐकून घ्या. मारतात, बांधतात, उपाशी ठेवतात असं म्हणाले तर मात्र थांबू नका. माझ्या ओळखीच्या एकाला एका ठिकाणी खिडकीला साखळीने बांधलं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक आजारही येतात, आणि साखळीला तर त्यात साफ बंदी आहे. स्वतःहून दाखल झालेल्याला कोंडूनही ठेवता येत नाही. फार तर तपासणीसाठी एखादा दिवस थांबवता येतं. म्हणजे मिस्टर स्वतःच निघू शकतात, ताई. तरी ते फोन तुम्हाला करतात. 'तूच आणलंस' म्हणायला कुणीतरी हवं असतं. मी भावाला वर्षभर तेच ऐकवत होतो.

सासूबाईंना एकदा समुपदेशकासमोर बसवा. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तिथेही पेशंटबरोबर घरच्यांशी बोलतात. तुमच्या केंद्रात अशी सोय आहे का ते विचारा. अल-अॅनॉनच्या सभा तर दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात. माहितीसाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६. भेटीला जाताना शेंगदाण्याचे लाडू चालतील का, विचारून न्या. दारू सुटली की गोड फार खावंसं वाटतं; मी तर नुसती साखर खायचो.

मुलीचं म्हणाल, तर 'बाबा आजारी आहेत, दारूचा आजार आहे' एवढं सांगा. आमच्याकडेही 'ट्रेनिंग'च होतं. परत आल्यावर मुलाने विचारलं, काय शिकलात? मी म्हटलं, कांदा चिरायला. तो हसला नाही. त्याला तेव्हाच सगळं ठाऊक होतं, हे त्याने स्वतःच्या लग्नानंतर मला सांगितलं.