पगाराच्या कामात नवीन आहेस, म्हणून सांगते

सॉफ्टवेअर शिकशीलच, पण आधी एक पगारपत्रक तरी स्वतः एक्सेलमध्ये मांड. पीएफचे 12 टक्के, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) 0.75 टक्के नेमके कशावर कापतात, हे त्याशिवाय अंगात मुरत नाही. महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300. वर्षाचे 2,500 तिथे जुळतात. 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो लागत नाही. टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला आयकर, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा (मार्चचा सोडून), पीएफ-ईएसआय 15 पर्यंत. या तारखा पाठच हव्यात.

माझ्या पहिल्या वर्षी एक ऑपरेटर खिशातली छोटी डायरी घेऊन आला. ओव्हरटाइमचे अकरा तास त्याने रोजच्या रोज लिहिले होते, माझ्या शीटमध्ये सातच. शेवटच्या आठवड्याचं मस्टर (हजेरीपट) मी घेतलंच नव्हतं. त्याला मुलीची फी भरायची होती. तेव्हापासून बँकेत फाइल पाठवण्याआधी प्रत्येक नाव मागच्या महिन्याशी ताडून बघते. फरकाचं कारण सापडेपर्यंत फाइल सोडत नाही.

कोणी शंका घेऊन आलं तर त्याला बसव, स्लिप समोर ठेवून ओळ न् ओळ समजाव. आणि कुणाचा पगार किती, हे घरीसुद्धा बोलू नकोस.