कॉलरवरची फर बाजूला करून बघा

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. सोलापूरहून आई पहिल्यांदाच हिवाळ्यात येतेय. तिच्यासाठी हुडला फर असलेलं महागाचं जॅकेट घेतलं. माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणते, फरसाठी प्राणी मारतात, आजीने ते घातलं तर मी तिच्याबरोबर बाहेर पडणार नाही. आजीशी असं वागायचं का? हिला कसं समजवू?

ताई, मुलीला समजवण्याआधी ते जॅकेट खिडकीशी उजेडात घ्या. फर दोन्ही अंगठ्यांनी बाजूला करून केसांच्या मुळाशी बघा. खाली विणलेलं कापड दिसलं तर फर नकली, चामडं दिसलं तर खरी. तरी शंका वाटली तर चार केस उपटून बेसिनवर, जॅकेटपासून लांब, जाळा. नकली केस वितळून प्लॅस्टिकची गोळी होते, खऱ्याला जळक्या केसांचा वास येतो.

खरी निघाली तर तुमच्या मुलीचं चुकलेलं नाही. तिकडच्या हुडवर बऱ्याचदा कायोटीची फर असते. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्यांचा भाऊबंद. त्याला पाय धरणाऱ्या लोखंडी सापळ्यात नाहीतर तारेच्या फासात पकडतात, आणि सापळेवाला येईपर्यंत तो तसाच धडपडत राहतो. असे पायाचे सापळे युरोपीय संघाने १९९५ पासून बंद केले. फार्मवरची फर असेल तर तीही कहाणी बरी नाही. मिंक हा पाण्यात पोहणारा, एकट्याने हिंडणारा प्राणी. त्याचं सगळं आयुष्य तारेच्या पिंजऱ्यात जातं, पायाखालीही जाळीच. त्याच दोन हात जागेत तो दिवसभर येरझारा घालतो. कातडं खराब होऊ नये म्हणून मिंकला गॅसने मारतात, कोल्ह्याला विजेचा झटका देऊन. हे लिहितानाही जीव गलबलतो. भारताने २०१७ च्या जानेवारीत मिंक, कोल्हा आणि चिंचिला (उंदरासारखा मऊ केसांचा प्राणी) यांच्या कातड्यांची आयात बंद केली. महागडी जॅकेटं बनवणाऱ्या कॅनडा गूजसारख्या कंपनीनेही २०२१ मध्ये फर सोडत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे तुमची लेक काही जगावेगळं बोलत नाही.

पण 'बरोबर जाणार नाही' हे मात्र बरोबर नाही. आजीने त्या जनावराला मारलेलं नाही, तिला तर ते माहीतही नाही. तेव्हा सांगायचं काम नातीनेच करावं, व्हिडिओ कॉलवर, शांतपणे. आईला कळणार नाही असं समजू नका. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडगे, खोकड आहेत हे सोलापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. आणि घोंगडं तिने आयुष्यभर पाहिलंय. धनगर मेंढीची लोकर कातरतो, कातरून झाली की मेंढी अंग झटकून कळपात जाते. घोंगड्याच्या लोकरीसाठी जीव घ्यावा लागत नाही, एवढा फरक नातीने सांगितला तरी पुरे. आई म्हणेल, "अगं, मटण खातोच की आपण." म्हणू द्या. त्यावर नातीने वाद घालू नये. एवढंच म्हणावं, की हुडवरच्या चार बोटं पट्टीवाचून आपलं काही अडत नाही, आजी.

आता जॅकेटचं. बिल असेल तर परत करा. नसेल तर बघा, फरची पट्टी बहुतेक वेळा चेनने किंवा बटणांनी लावलेली असते. ती काढा, जॅकेट ठेवा. ऊब अस्तरात आणि आतल्या भरावात असते. केसाळ पट्टीने वारा अडतो हे खरं, पण तेवढ्यासाठी नकली फर किंवा लोकरीचा मफलर चालतो. वर कानटोपी, आत थर्मल. सत्तरीतल्या बाईला थंडी हाडांत शिरते, त्यात हयगय नको.

हे सगळं आई विमानात बसायच्या आधी बोलून घ्या. तिथे आल्यावर, दारात जॅकेट हातात घेऊन नको.