केस बाईचे, जबडा पुरुषाचा

प्रश्न : भाचीने मला जुन्या जपानी चित्रांचं कॅलेंडर दिलंय. शाराकू नावाच्या चित्रकाराने काढलेली काबुकी नाटकातली माणसं आहेत. एका पानावर लांबोडक्या तोंडाची, बारीक डोळ्यांची बाई आहे. खाली नाव ‘सेगावा तोमिसाबुरो’. दुसऱ्या पानावरच्या बाईच्या कपाळावर जांभळट चौकोन चिकटवल्यासारखा दिसतो. या चित्रकाराला बायका काढता येत नव्हत्या का?

उत्तर : ती बाई नाहीच! तोमिसाबुरो हा नट. जपानच्या सरकारने १६२९मध्ये बायकांना रंगमंचावरून उतरवलं, तेव्हा त्यांची कामं कोवळी पोरं करू लागली. १६५२मध्ये तेही बंद झालं. पुढे परवानगी मिळाली ती कपाळावरची झुलपं भादरायच्या अटीवर. आता भादरलेल्या डोक्याने नायिका कशी उभी राहणार? मग त्या जागेवर जांभळं फडकं आलं. तुमचा चौकोन तो हाच. पुढे चांगले टोप आले, तरी फडकं राहिलंच. जुन्या प्रतींत ते मातकट दिसलं तर नवल नाही, कारण तेव्हाचे वनस्पतींचे रंग उजेडात टिकत नसत.

बाकीचे चित्रकार असल्या नटाला गोड बाईच करून टाकत. शाराकूने भूमिकेमागचा माणूसही ठेवला. १७९४च्या मे महिन्यात त्याची मोठ्या चेहऱ्यांची २८ चित्रं एकदम बाजारात आली, प्रकाशक त्सुताया जुझाबुरो. दहाएक महिन्यांत गडी गायब! ओता नानपो या लेखकाने नोंदवून ठेवलंय की हा फारच खरं काढायला गेला, म्हणून फार काळ चालला नाही. मला ते पटतं. आपल्या लाडक्या नायिकेचा जबडा कोण विकत घेईल?

मी स्वतः लाकडावर ठसे कोरते, म्हणून एक सांगते. कपाळावर केस सुरू होतात ती रेघ भिंगातून बघा. ही चित्रं लाकडी ठशांनी छापलेली आहेत. शाराकूने फक्त रेखाटन दिलं. चेरीच्या फळीवर कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. केस काळा उमटायचा तर तो उभा ठेवून दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं. हात जरा घसरला की केस तुटला, आणि तुटलेला केस परत चिकटत नाही. असल्या कामात माझ्या दोन फळ्या वाया गेल्यात. हे काम मुरलेल्या कारागिराकडेच जाई.

आणि चेहऱ्यामागची काळपट पार्श्वभूमी कॅलेंडरवर मेलेली दिसते, त्यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. मूळ चित्रांत तिथे अभ्रकाची चमकणारी पूड आहे. मूळ प्रत कुठल्या संग्रहालयात बघायला मिळाली, तर समोर उभ्या राहू नका, थोडं बाजूला सरून तिरकं बघा.