सासूबाईंच्या विसरण्यावर फ्लॅव्होनॉइडची कॅप्सूल द्यावी का?

निपाणीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: सासूबाई 67 वर्षांच्या. शुगर आणि बीपीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत, शिवाय रक्त पातळ करायची एक गोळी. हल्ली माणसांची नावं आठवत नाहीत, आमटीत मीठ दोनदा पडतं. ओळखीतल्या एका बाईंनी क्वेर्सेटिन आणि जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) यांची महागडी कॅप्सूल सुचवली आहे, 'वनस्पतीतलं फ्लॅव्होनॉइड आहे, अल्झायमर अडवतं' म्हणून. फ्लॅव्होनॉइड म्हणजे भाज्या, फळं, चहा यांत मुळातच असणारी द्रव्यं; क्वेर्सेटिन त्यातलंच एक.

ताई, देऊ नका. बेळगावात औषधाच्या दुकानात काउंटरमागे माझा जन्म गेला, आणि 'झाडपाल्याचं आहे, काय अपाय होणार' हे वाक्य मी रोज ऐकतो. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर जिंको घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. एवढ्यावरच विषय संपायला हरकत नाही. पण गुणाचं म्हणाल तर तेही नाही. अमेरिकेत 3,069 वयस्कर लोकांवर जिंकोची मोठी चाचणी झाली, 120 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही वर्षं. 2008 साली निकाल आला: स्मृतिभ्रंश काही कमी झाला नाही.

मग फ्लॅव्होनॉइड म्हणजे सगळी थापच का? तसंही नाही. शिकागोत म्हाताऱ्या माणसांचा एक अभ्यास बरीच वर्षं चालू आहे. त्यातल्या 921 जणांच्या खाण्याचा हिशेब 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लॅव्होनॉल हा फ्लॅव्होनॉइडचाच एक गट. तो ज्यांच्या पोटात सगळ्यात जास्त जात होता, त्यांच्यात अल्झायमरचं प्रमाण सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा 48 टक्क्यांनी कमी दिसलं. आता मात्रा बघा की! जास्त खाणाऱ्यांचं रोजचं फ्लॅव्होनॉल होतं साधारण 15 मिलिग्रॅम. दुकानातल्या कॅप्सूलवर 500 छापलेलं असतं. गंमत म्हणजे त्या अभ्यासात फ्लॅव्होनॉलमधले घटक वेगवेगळे करून पाहिले तेव्हा केम्फेरॉल नावाच्या घटकाचा संबंध ठळक दिसला, आणि तुमच्या कॅप्सूलमधल्या क्वेर्सेटिनचा एकट्याचा दिसलाच नाही.

तरी हा अभ्यास निरीक्षणाचा आहे. जो माणूस रोज पालेभाजी खातो तो बहुधा चालतोही, तब्येतही दाखवतो. संशोधक हा फरक आकडेमोडीत वजा करतात, पण सगळा वजा होत नाही. प्रत्यक्ष देऊन पाहिलं की चित्र फिकं पडतं: कोकोतले फ्लॅव्हॅनॉल (नाव सारखं, पण हा फ्लॅव्होनॉइडचा दुसरा गट) रोज 500 मिलिग्रॅम, 2,262 लोक, 3 वर्षं, आणि 2022 च्या निकालात बुद्धीवर परिणाम शून्य. प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर क्वेर्सेटिन ओततात तेव्हा ते वाचवताना दिसतं, खरं आहे. पण तिथे ते जेवढं ओततात तेवढं खाऊन रक्तात येतच नाही. आतडं आणि यकृत त्याचं रूप बदलतात, उरलेलं मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. मेंदूपर्यंत पोचतं ते अगदी थोडं. माझ्या मते फायदा असलाच तर बराचसा रक्तवाहिन्यांच्या वाटेने असावा.

खायचं म्हणाल तर आपल्या भागात कशाला तोटा नाही. शिकागोवाल्यांच्या यादीत केल नावाची भाजी आहे, ती शोधत बसू नका. त्याच यादीत पालक आणि चहा आहेत. आपली मेथी, शेपू, शेवग्याचा पाला ही त्याच जातीची माणसं. 100 ग्रॅम कांद्यात साधारण 20 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन असतं, लाल जवारी कांद्यात जास्त. ते बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त साठतं, म्हणून सुकलेली साल काढली की थांबा. खालचा जाड, लालसर थरही सोलून टाकायची सवय असते ती सोडा. उकडलं की यातलं बरंच पाण्यात उतरतं. भाजी उकडून पाणी मोरीत ओतण्यापेक्षा पातळ भाजी करा, पाणी पोटातच जाईल. खानापूर-जांबोटीकडच्या बायका टोपल्या घेऊन येतात तेव्हा जांभळं घ्या. त्यांचा रंग अँथोसायनिनचा, तोही याच घराण्यातला. आमसुलातही ते असतं, पण त्याला मीठ लावलेलं असतं, बीपीवाल्यांनी बेताने. कोकम सरबतात साखर किती, ते तुम्हाला माहीतच आहे. चहा चालेल, बिनसाखरेचा, फक्त जेवणावर लगेच नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

पण ताई, खरं काम वेगळंच आहे. शुगरला मेटफॉर्मिन असेल आणि वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्या. ते कमी पडलं की विसरायला होतं, आणि त्याला साधा उपाय आहे. थायरॉइडही बघा. हाक मारली की 'काय?' म्हणतात का? मग कान तपासा. ऐकूच आलं नाही तर नाव लक्षात कुठून राहणार? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली, त्यात कमी ऐकू येणं, वाढलेला बीपी आणि शुगर आहेत. सगळी 14 सावरली तर सुमारे 45 टक्के रुग्ण टळू शकतात किंवा लांबणीवर पडू शकतात, असा त्यांचा अंदाज. आणि मिश्री लावत असतील (निपाणीकडे विचारायलाच नको) तर तिचा निकोटिन बीपी चढवतो, तेही डॉक्टरांना सांगा.

न्यूरोलॉजीच्या ओपीडीला जाताना गोळ्यांची नावं आठवून सांगू नका, पाकिटंच पिशवीत घालून न्या. त्या बाईंनी दिलेली कॅप्सूल घरात आली असेल तर तीही.