फवारा मारण्याआधी झाड उपटून पाहा

प्रश्न : काका, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. सहा एकर सोयाबीन आहे, वाण जेएस-335. मागच्या हंगामात मी फुलोऱ्यात फक्त अळीचं औषध मारलं. शेजाऱ्यानं कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच पंपात घालून दोनदा फवारलं. त्याचं वावर शेवटपर्यंत हिरवंगार होतं, माझं मात्र लवकर पिवळं पडून पानं गळाली. यंदा रोग दिसो न दिसो, बुरशीनाशक मारूनच टाकावं का? मारायचं तर कोणतं आणि कधी?

उत्तर : भाऊ, शेजाऱ्याचं वाण कोणतं होतं ते तुम्ही लिहिलंच नाही, आणि मला तेच आधी विचारायचं होतं. फुले संगम असेल तर ते तुमच्या 335 पेक्षा उशिराच पिकतं. औषधाचा थेंबही न मारता ते मागं हिरवं दिसेल. दुसरं म्हणजे स्ट्रोबिल्युरिन गटातल्या बुरशीनाशकांनी पान जास्त दिवस हिरवं राहतं हे खरं, पण बांधावरून दिसणाऱ्या हिरवेपणाचे पैसे बाजार समितीत मिळत नाहीत. त्याला एकरी किती पोती झाली आणि तुम्हाला किती, ते विचारून पाहा. उलट पान झडायला उशीर झाला की कापणी लांबते आणि मागचा हरभरा ओल सोडून पेरावा लागतो.

आता तुमचं पिवळं कशानं पडलं ते पाहू. आपल्याकडं सोयाबीन पिवळं दिसलं की माणूस थेट दुकानाची वाट धरतो. त्याआधी वावरात चार-पाच ठिकाणी बसून झाडं उपटा आणि खिशातल्या चाकूनं खोड उभं चिरा. आत तांबूस बोगदा आणि एखादी बारीक पिवळसर अळी दिसली तर ती खोडमाशी. खोडावर किंवा देठावर दोन आडव्या खाचा आणि वरचा भाग सुकलेला, तर चक्रीभुंगा. जमिनीलगतची साल नखानं खरवडली आणि खाली कोळशाची भुकटी भुरभुरावी तसे काळे कण दिसले, तर ती कोळशी मूळकूज. पावसाचा खंड पडून जमीन तापली की ती उसळते. तिची बुरशी मुळात आणि जमिनीत असते, पानावर कितीही महाग औषध मारलं तरी तिथपर्यंत पोचत नाही. पानावर हिरवे-पिवळे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतील तर तो पिवळा मोझॅक. तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. पहिली रोगट झाडं दिसताच उपटून गाडावी आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावा, तिथं बुरशीनाशकाचं काही काम नाही.

पानावरच्या बुरशीनाशकाचा उपयोग होतो तो वेगळ्या रोगांवर. दाट वावरात, सतत झडीच्या दिवसांत खालची पानं उकडल्यासारखी होतात, एकमेकांना चिकटतात, मधे जाळीसारखे धागे दिसतात. हा रायझोक्टोनियाचा करपा. शेंगांवर तपकिरी-काळे डाग पडतात, भिंगातून पाहिलं तर त्यावर बारीक काळे केस उभे दिसतात. हा शेंगकरपा. पानांवरचे गोल, मधे राखाडी आणि कडेनं लालसर ठिपके हेही बुरशीचंच काम. तांबेरा सांगली-कोल्हापूरकडची डोकेदुखी आहे, आपल्याकडं त्याच्या नावानं घाबरून पैसे घालवू नका.

वेळेचं म्हणाल तर सगळा खेळ तिथंच आहे. अमेरिकेत आयोवाच्या फेर आणि कॅव्हिनेस या दोघांनी 1977 मध्ये सोयाबीनच्या वाढीच्या अवस्था ठरवून दिल्या, अजूनही जगभर त्याच वापरतात. त्यातली आर-3 ही आपली अवस्था: शेंड्याकडच्या चार पेऱ्यांपैकी एकावर 5 मिलिमीटरची शेंग दिसली की समजा आली. जूनअखेरची पेरणी असेल तर 335 मध्ये ती साधारण पोळ्याच्या आगेमागे येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीतल्या मारबतीच्या पुतळ्याला रोगराई घेऊन जा म्हणायचं, त्याच आठवड्यात वावरात फिरून यायचं. दाणा पूर्ण भरल्यावर, पानं झडू लागल्यावर मारलेलं औषध म्हणजे दुकानदाराला दिलेला आहेर.

मग दिसो न दिसो मारावं का? माझं उत्तर नाही असं आहे, पण डोळे मिटूनचं नाही. फुलोऱ्यापासून झड लागलेली, ओळी मिटलेल्या, मागच्या वर्षी त्याच वावरात सोयाबीन आणि करपा, खालच्या पानांवर आता सुरुवात झालेली: असं असेल तर थांबू नका. बुरशीनाशक गेलेलं पान परत आणत नाही, उरलेलं वाचवतं. याउलट पावसानं ताण दिलाय, ओळीतून जमीन दिसतेय, खालचं पान स्वच्छ आहे, तर पैसे खिशात ठेवा. हिशोब सोपा आहे. समजा औषध आणि मजुरी मिळून एकराला 1300 रुपये गेले. 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल, म्हणजे खर्च निघायलाच 24-25 किलो जास्त पिकायला हवं. बाजारात 4000 नं विकलं तर 32 किलोच्या वर. रोग असेल तर तेवढं वाचतं, नसेल तर कुठून येणार?

औषधांत टेब्युकोनॅझोल 10 टक्के अधिक गंधक 65 टक्के हे मिश्रण 10 लिटरला 25 ग्रॅम. नाहीतर पायराक्लोस्ट्रोबिन 20 टक्के डब्ल्यूजी, एकरी 150 ते 200 ग्रॅम. किंवा पायराक्लोस्ट्रोबिन अधिक इपॉक्झिकोनॅझोल, एकरी 300 मिली. डब्यावर सोयाबीन आणि तुमचा रोग दोन्ही लिहिलेत का ते वाचूनच पैसे द्या. दुसरी फवारणी लागलीच तर गट बदला. नुसतं स्ट्रोबिल्युरिन (पायराक्लोस्ट्रोबिन याच गटातलं) पुन्हा पुन्हा मारून अमेरिकेत पानठिपक्याची बुरशी त्याला दाद देईनाशी झाली, टेनेसी राज्यात 2010 मध्येच ते लक्षात आलं.

आणि पाणी! एकराला 200 लिटर, म्हणजे 16 लिटरचे बारा-तेरा पंप. आपल्याकडं मजूर सात-आठ पंपांत उरकतो. टेब्युकोनॅझोल-गंधकाचं मिश्रण पंपाला 40 ग्रॅम टाकून आठ पंप मारले तर 500 ऐवजी 320 ग्रॅमच गेलं, तेही वरवरच्या पानांवर. करपा सुरू होतो खाली. नोझल ओळीत खाली घालायला सांगा, मजुरी थोडी जास्त द्या. गढूळ नाल्याचं पाणी नको. भुकटी आधी बादलीत कालवून मग पंपात घाला. टॉनिक, खत, कीटकनाशक, बुरशीनाशक यांची खिचडी मुळीच नको. 2017 मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तोंडाला फडकं, हातात मोजे, वाऱ्याकडं पाठ.

प्रश्न : नमस्कार. मी मेहकरकडची. घरच्या सोयाबीनमध्ये बरेच दाणे जांभळ्या डागांचे निघाले. पुढच्या वर्षी हेच बियाणं पेरलं तर चालेल का?

उत्तर : ताई, हा जांभळा डाग सर्कोस्पोरा बुरशीचा. शेंगा पक्व होताना पाऊस लागला की वाढतो. डागाळलेले दाणे सुपात निवडून बाजूला काढा आणि उरलेल्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. 70 उगवले तर एकरी नेहमीचं बियाणं, त्याखाली आले तर बी वाढवा, फारच कमी आले तर नाद सोडा. पेरताना कार्बोक्झिन अधिक थायरम किलोला 3 ग्रॅम चोळा, रायझोबियम हे जिवाणू खत त्यानंतर. पोती एकावर एक फार रचू नका, सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, उगवण तिथंच मरते.

प्रश्न : गावात ड्रोनवाला येतो. दहा लिटरमध्ये एकर फवारतो म्हणतो. बुरशीनाशकाला चालेल?

उत्तर : औषध एकरी तेवढंच लागेल, पाणी कमी म्हणून औषध कमी करू देऊ नका. ओळी मिटलेल्या सोयाबीनमध्ये थेंब खालच्या पानापर्यंत कमी जातात, म्हणून करपा खाली पसरला असेल तर पाठीवरचा पंपच बरा. चिखलात मजूर शिरत नसेल तेव्हा ड्रोन कामाचा. सकाळी वारा पडलेला असताना बोलवा, आणि शेजारच्या वावरात भाजीपाला असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगा.